पाठवणी कोणत्या गाडीतून

माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी धरायची आणि विचारायचं, "ही बरी की ही?" अर्धं आयुष्य मी हे एकच वाक्य म्हणत आलो आहे. त्यातून एवढं कळलं की कोणती काच बरी हे बहुतेकांना सांगता येत नाही. आपलं उत्तर चुकू नये एवढीच त्यांना काळजी असते. म्हणून ते घसा खाकरून "दोन्ही सारख्याच" म्हणतात, मी मला पटेल ती बसवतो, आणि सगळे सुखाने पेपर वाचतात.

एवढ्या पुण्याईवर मला भाचीच्या लग्नात न्यायाधीश नेमलं गेलं. खटला दोन अमेरिकन मोटारींचा होता. एक तिच्या बापाची, म्हणजे माझ्या भाऊजींची. दुसरी तिच्या होणाऱ्या सासऱ्यांची. लग्न लागल्यावर मुलगी यातल्या कोणत्या गाडीतून सासरी जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि त्याच्यावरून लग्न मोडायची वेळ आली होती.

कंपन्यांची नावं मी घेणार नाही. दोन्ही कंपन्यांचे भक्त या शहरात आहेत, त्यातले बरेच जण चष्मा लावतात, आणि मला दुकान चालवायचं आहे.

भाऊजी नागपूरला कळमन्याच्या धान्यबाजारात अडत्या आहेत. तूर, हरभरा, सोयाबीन. लिलावात बोटं हलवून काम भागत असल्यामुळे त्यांच्या तोंडाला बोलायची फारशी सवय राहिलेली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेश्याला बंगला बांधला तेव्हा त्यांनी आधी गॅरेज बांधलं आणि उरलेल्या जागेत घर बसवलं, असं माझी ताई म्हणते, आणि नकाशा पाहिला तर तिचं म्हणणं खोटं ठरत नाही. गॅरेजातली ती गाडी महायुद्धाच्या आधीची. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा एका मालगुजाराने ती भाऊजींच्या वडिलांना दिली. काळी, उंच, ताठ. समोरून पाहिली तर फोटोसाठी टोपी नीट करून उभ्या राहिलेल्या हेडमास्तरासारखी दिसते. मडगार्डांवर दोन मोठे दिवे, मधे उभी चिंचोळी जाळी, जाळीच्या माथ्यावर पंख पसरलेला एक पक्षी. दोन्ही बाजूंना चढायला पायदान. मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार उघडलं की गाडी हात पसरून "या" म्हणते आहे असं वाटतं. सुरू करायची तर किल्ली फिरवायची, चोक ओढायचा, पायाने स्टार्टर दाबायचा, आणि एवढं करून तिचं मन नसलं तर खाली उतरून लोखंडी हँडल मारायचं.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे इवाई सावनेरचे. त्यांची कापसाची जिनिंग आहे. तिथे यंत्रांचा गोंगाट एवढा की माणसाला ओरडूनच बोलावं लागतं. इवाई देवळातही तसेच बोलतात. त्यांची गाडी भाऊजींच्या गाडीनंतर वीसेक वर्षांनी जन्मलेली. तोवर अमेरिकेत पेट्रोल पाण्यासारखं वाहत होतं आणि मोटारी काढणाऱ्यांच्या डोक्यात विमानं शिरली होती. पिस्त्याच्या रंगाची, वर पांढरा टप, मागे दोन उभे पंख. ती वळली की आधी तोंड वळतं, मग बऱ्याच वेळाने बातमी शेपटापर्यंत पोचते. क्रोम एवढं की दुपारी तिच्याकडे पाहायला काळा चष्मा लागतो, आणि तो मीच इवायांना दिलेला आहे. तिला क्लच नाही, गियर आपोआप पडतात. कुठल्याशा वकिलातीतून एका कोळशाच्या ठेकेदाराकडे आणि त्याच्याकडून इवायांकडे आल्यामुळे तिचं स्टिअरिंग डावीकडे आहे. ट्रकच्या पुढे जायचं असेल तर उजवीकडे बसलेल्याने मुंडकं बाहेर काढून समोरून काही येतं का ते सांगायचं. इवायांच्या शेजारची जागा हा पाहुणचार नाही, ती नोकरी आहे.

साखरपुड्याच्या दिवशी पेढे वाटून झाले आणि इवाई आपल्या नेहमीच्या, म्हणजे शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इवाई, एक सांगून ठेवतो. सूनबाई आमच्या गाडीत येईल. सावनेरात सारं गाव वाट पाहून राहिलं."

भाऊजींनी हातातला पेढा बशीत ठेवला. "माझ्या गाडीत."

"काहून?"

"बोललो आहो."

"कोणाले?"

"तिले."

"अजी, पण पाठवणीची गाडी पोराकडची असते. रिवाज आहे."

"बोललो आहो," भाऊजी पुन्हा म्हणाले आणि पेढा उचलला.

ते खरंच बोलले होते. भाची लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून त्या गाडीचं स्टिअरिंग धरायची. ही गाडी माझी का, असं तिने एकदा विचारलं. बापाने सांगितलं, तुझी पाठवणी हिच्यातूनच करीन. दुसरा एखादा बाप असं दिवसाला दहा वेळा बोलतो आणि विसरतो. भाऊजी मुळातच इतकं कमी बोलतात की बोललेलं त्यांना सगळं आठवतं.

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू काही तरी कर. हे दोन बुढे खेळण्यावरून झगडून राहिले, अन् माझ्या पोरीचं लग्न मोडते का काय मले समजत नाही."

"मी काय करू?"

"तुले जीभ आहे ना? ती कधी कामाची होती? आता वापर."

मी बैठकीत गेलो आणि जाहीर केलं की नागपूर आणि सावनेर या दोन्ही राज्यांच्या संमतीने एका तटस्थ माणसाने दोन्ही गाड्यांची परीक्षा घ्यावी. तटस्थ माणूस म्हणजे ज्याच्याकडे स्वतःची मोटार नाही, जो स्कूटरवर फिरतो, आणि तुलना करणं हाच ज्याचा धंदा आहे. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. असा माणूस खोलीत एकच होता.

त्याच संध्याकाळी भाचीने मला गच्चीवर गाठलं. "मामा, मले बाबाच्याच गाडीत जायचं आहे. पण मी बोलली तर घरात पाय ठेवायच्या आधीच सासऱ्यासंग झगडा. तूच बोल. अन् असं बोल की त्यांनाही पटलं पाहिजे."

म्हणजे खटला सुरू व्हायच्या आधीच न्यायाधीश फितूर झाला. अशा वेळी निकालाचा प्रश्न उरत नाही, कारणांचा उरतो.

परीक्षेचा दिवस ठरला. बेश्याहून सावनेरला जाताना भाऊजींची गाडी, परतताना इवायांची; भाऊजींची गाडी त्यांचा पुतण्या मागून आणणार. मी नवरीच्या जागेवर, मागच्या सीटवर बसणार होतो. न्याय करायचा तर पुरता करावा, म्हणून मी ताईचा लग्नातला शालू मागून घेतला, पँटवरून नेसलो, पदर डोक्यावर घेतला आणि कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. मला मिशी आहे, हे इथे सांगितलं पाहिजे.

ताई दारात उभी राहून म्हणाली, "लाज नाही वाटत का गा तुले?"

"नवरीला लाजावंच लागतं," मी म्हणालो आणि पायदानावर पाय ठेवला.

भाऊजींची गाडी बैलबंडीच्या चुलत बहिणीसारखी चालली. सिमेंटच्या रस्त्याचा प्रत्येक सांधा तिने मला स्वतंत्र सांगितला. गतिरोधक आला की ती आधी थांबायची, विचार करायची, मग एकेक चाक उचलून पलीकडे ठेवायची. समोरची काच खालून ढकलून उघडता येते. तिथून गरम वारा आत आला आणि त्याच्याबरोबर थोडा डांबराचा, थोडा पेट्रोलचा वास. इवाई पुढे भाऊजींच्या शेजारी बसले होते. त्यांनी दाराच्या कडीपासून छतापर्यंत सगळ्यावर शेरे मारले.

"इवाई, हिच्यापेक्षा पोरगी पायी लवकर पोचेल."

भाऊजींनी गियर टाकला. गियरने इवायांना उत्तर दिल्यासारखा आवाज काढला.

गाव सुटल्यावर चहाला थांबलो. टपरीवाला ग्लास घेऊन खिडकीशी आला. त्याने शालू पाहिला, मुंडावळ्या पाहिल्या, मिशी पाहिली. "नवरी कुठून आणली जी?"

"बेश्याहून," इवाई गंभीरपणे म्हणाले. "हुंडा नाही घेतला."

त्या क्षणी मला हा माणूस आवडायला लागला, आणि काम अधिकच अवघड झालं.

काम अवघड होतं कारण परतताना मी इवायांच्या गाडीत बसलो तेव्हा कोणत्याही प्रामाणिक माणसाने करावं तेच माझ्या मनाने केलं. ते तिला शरण गेलं. ती गाडी रस्त्याला पाय लावतच नाही. खड्डे तिच्या खालून परस्पर निघून जातात, आतल्या माणसाला कळवत नाहीत. इंजिनचा आवाज म्हणजे शेजारच्या खोलीत कोणीतरी समाधानाने हुंकार देत आहे असा. ताकद एवढी की इवायांनी नुसता पायाचा अंगठा दाबला आणि संत्र्यांनी भरलेला एक ट्रक मागे राहिला. तो मागे राहण्याआधी भाऊजींना उजवीकडून मुंडकं बाहेर काढावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

"येऊ का इवाई?"

"थांबा."

"आता?"

"थांबा म्हणतो ना."

"आता?"

"या."

तासाभराच्या त्या प्रवासात ते दोघं एकमेकांशी जेवढं बोलले, तेवढं साखरपुड्यापासून बोलले नव्हते.

मी मागे बसून पहिल्या गाडीच्या बाजूने एक तरी कारण शोधत होतो. वेग? नाही. आराम? नाही. देखणेपणा? ज्याची त्याची आवड, पण लग्नात फोटो काढणाऱ्याला विचारलं तर तो पंखांकडेच धावेल. मग एक वळण आलं आणि कारण माझ्या अंगावर येऊन पडलं. म्हणजे मीच त्याच्या अंगावर जाऊन पडलो. इवायांनी सीटला चकचकीत रेक्झीन लावलं होतं. रेक्झीनवर रेशमी शालू म्हणजे ताटातला पारा. उजवं वळण आलं की मी डाव्या दाराशी, डावं आलं की उजव्या. छत इतकं खाली की मुंडावळ्या कपाळावरून नाकावर आल्या. बेश्याला पोचल्यावर मला त्या खोल सीटवरून बाहेर काढायला भाऊजी आणि इवाई दोघांना एकेक हात धरावा लागला. विहिरीतून काढतात तसं.

व्हरांड्यात शालूसकट बसून मी निकाल वाचून दाखवला. म्हणालो, इवाईसाहेब, तुमची गाडी वेगात सरस, आरामात सरस, ताकदीत सरस, आणि मला कोणी दिली तर मी माझं दुकान देऊन टाकीन. पण ही परीक्षा गाडीची नव्हे, पाठवणीची आहे. जुनी गाडी बनवली तेव्हा माणसं टोपी घालून मोटारीत बसत, म्हणून तिचं छत उंच आहे. तिची सीट खुर्चीसारखी आहे, कापड खरखरीत आहे, शालू जागचा हलत नाही. तिचं दार मागे उघडतं आणि पायदान आहे, म्हणून नवरी तिच्यातून सिंहासनावरून उतरावी तशी उतरते. सावनेरात सारं गाव वाट पाहत असणार. तुमची सून त्यांच्यासमोर पायउतार झाली पाहिजे, का दोघांनी ओढून काढली पाहिजे?

इवायांनी माझ्याकडे पाहिलं, शालूकडे पाहिलं. माझ्या नाकावरच्या मुंडावळ्यांनी बहुधा माझी बाजू घेतली.

"पटलं," ते म्हणाले. "पण एक अट. वाटेत बंद पडली, तर सून माझ्या गाडीत."

"मंजूर," भाऊजी म्हणाले.

लग्न मे महिन्यातलं, सकाळच्या मुहूर्ताचं. त्याआधी भाऊजींनी गाडीची जी सेवा केली तिचं वर्णन मी करत नाही. ताई म्हणाली की तिच्या बाळंतपणात एवढी झाली असती तर बरं झालं असतं. कार्बोरेटर उघडून लावला, प्लग बदलले, चाकं तपासली, गावातल्या रस्त्यांवर चक्कर मारून पाहिली. गाडी सुरेख चालत होती. काही राहिलं नव्हतं.

राहिलं होतं ते कळमना.

बाजारात एक पद्धत आहे. कोणा अडत्याकडे नवा ट्रक आला किंवा कोणाची गाडी मंगलकार्याला निघाली की आजूबाजूच्या प्रत्येक गाळ्यातून एक हार येतो. तो गाडीच्या तोंडावर घालायचा. आणि एकाने घातलेला हार दुसऱ्याने काढायचा नाही, मालकाने तर नाहीच. तो हार फुलांचा नसतो, त्या गाळ्याच्या मानाचा असतो. उद्या त्याच माणसाशेजारी उभं राहून लिलावात बोटं हलवायची असतात.

लग्न लागलं, पंगती उठत होत्या, आणि कळमना येऊ लागला. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी ती काळी गाडी उभी होती. पहिला हार पक्ष्याच्या गळ्यात पडला. दुसरा जाळीवर. तिसरा त्याच्यावर. झेंडूचे, गुलाबाचे, मधे जरीच्या गोंड्यांचे, हातभर जाडीचे. दुपार होईपर्यंत जाळी दिसेनाशी झाली. गाडीला झेंडूची दाढी आली.

मी भाऊजींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ते गाडीकडे पाहत होते.

"रेडिएटरले हवा नाही भेटणार," ते म्हणाले.

"मग काढा ना चार."

"कोणाचे चार?"

भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोन हार हळूच बोटभर वर सरकवले. जाळीचा एक चतकोर उघडा झाला. तेवढ्यात मिरचीच्या गाळ्याचे मालक सगळ्या कुटुंबासह आले, "अरे वा, जागा ठेवली आमच्यासाठी!" म्हणाले आणि त्या चतकोरावर आपला हार लावून मोकळे झाले. फोटोही काढला. भाऊजींनी त्यांना हात जोडले. बाजारात राहायचं तर हार घ्यायचे, आणि मुलीला दिलेला शब्द पाळायचा तर हार काढायचे. दोन्ही गोष्टी त्यांना स्वच्छ कळत होत्या, म्हणून ते काहीच करू शकत नव्हते.

चारच्या सुमाराला ओटी भरली, रडणं झालं, भाची मागच्या सीटवर बसली. शेजारी नवरदेव. त्याला या सगळ्या प्रकरणात कोणीच काही विचारलेलं नव्हतं आणि हे तो फार समजूतदारपणे चालवून घेत होता. भाऊजी चालवायला बसले; चौकातल्या मारुतीच्या देवळापर्यंत ते गाडी नेणार, तिथून पुढे त्यांचा पुतण्या, कारण बाप पाठवणीबरोबर जात नाही. मागे इवायांची पिस्ता गाडी. पुढे बँड.

बँडला घाई नव्हती. इवायांकडची मंडळी नाचत होती, कळमना नाचत होता, आणि गाडी त्यांच्या मागे पहिल्या गियरमध्ये, मे महिन्याच्या उन्हात, तोंडात झेंडूचा बोळा कोंबून मुंगीच्या पावलाने सरकत होती. देऊळ दिसायला लागलं तेव्हा झेंडूतून एक पांढरी रेघ वर आली. मग दोन. मग ढगच. नाचणाऱ्यांना वाटलं धुराची सोय केली आहे. त्यांनी शिट्ट्या वाजवल्या आणि बँडवाल्यांनी ताल वाढवला. आत काहीतरी फट् करून फुटलं, रस्त्यावर गरम पाण्याचा ओघळ आला, आणि गाडी थांबली.

बँड एकेका वाद्याने बंद पडला. ढोल सगळ्यात शेवटी.

भाऊजी उतरले. बॉनेट उघडायला हार उचलावे लागले. ते त्यांनी तसेच्या तसे, एकही न सोडता, पक्ष्याच्या गळ्यातल्यासकट वर धरले आणि आत पाहिलं. रेडिएटरचा रबरी पाइप फाटला होता. मागून इवाई येऊन उभे राहिले. अट सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक होती.

भाऊजींनी मागचं दार उघडलं. ते दार उघडलं की गाडी "या" म्हणते, हे मी वर सांगितलं आहे. आता ती "जा" म्हणत होती.

"उतर बाई," भाऊजी म्हणाले.

भाचीने बापाकडे पाहिलं. उतरली नाही. नुसती बसून राहिली.

"खबरदार उतरली तं!" ताई गर्दीतून वाट काढत आली. "भरल्या ओटीनं पाठवणीले बसलेली पोरगी मधात उतरत नसते. मायघरी परत आल्यासारखं होते ते."

"अवं, पण शब्द दिला आहे मी इवायांना," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही शब्द द्या अन् पोरीनं अपशकुन घ्या का?"

आता सगळे इवायांकडे पाहायला लागले. इवाई गाडीभोवती एक चक्कर मारून आले. त्यांनी फाटलेला पाइप पाहिला, सुनेकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं, जणू हा घोटाळा मीच घडवून आणला होता.

"इहीणबाई म्हणतात सून उतरत नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा लहान होता, म्हणजे फक्त चौकाला ऐकू गेला. "अट आहे माझ्या गाडीनं न्यायची. नेतो ना मग." आणि ते मागे वळून आपल्या गाडीची डिकी उघडायला गेले. तिथून कापसाच्या गाठींसाठी वापरतात तो जाड दोर निघाला. "टोचन करू. माझी पुढे, इवायांची मागे. सावनेरात मी सांगीन का आमची गाडी पुढे होती. तुम्ही इथं सांगा का पोरगी तुमच्या गाडीत गेली. झालं का?"

"झालं," भाऊजी म्हणाले.

"पण टोचनवाल्या गाडीचं स्टिअरिंग कोण धरते? दोरावर हिचे ब्रेक तुमच्याशिवाय कोणाले समजते?" इवायांनी विचारलं.

पुतण्याने लगेच मान हलवली. त्याला समजत नव्हते. अशा रीतीने, कोणाच्याही घराण्यात झालं नसेल असं, मुलीचा बाप पाठवणीबरोबर सावनेरला निघाला.

मी पुढच्या गाडीत उजवीकडे बसलो, कारण मुंडकं बाहेर काढायला कोणीतरी हवं होतं. अख्खं नागपूर ओलांडून आम्ही गेलो. पुढे पंखवाली पिस्ता गाडी, मग दोर, मग काळी उंच गाडी, तिच्यात मान ताठ ठेवून बसलेली नवरी, आणि पुढच्या सीटवर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेले भाऊजी. सिग्नलला लोक मोबाइल काढत होते. ती दोन यंत्रं मी एवढा वेळ वेगवेगळी तपासली होती. आता पहिल्यांदाच एकत्र पाहत होतो, आणि एका गोष्टीची मला फार गंमत वाटली. पुढचीला ओढताना काहीच जाणवत नव्हतं. इवायांना दर थोड्या वेळाने मला विचारावं लागत होतं, "आहे का मागे?"

"आहे."

"दोर ढिला तं नाही पडला?"

"नाही. भाऊजी बरोबर ब्रेक मारून राहिले."

"मारतीलच. बाजारातला माणूस आहे, वजन समजते त्यांना."

हार वाऱ्याने आणि उन्हाने एकेक करून गळत गेले. कोणी काढले नाहीत, त्यामुळे कोणाचा अपमान झाला नाही.

सावनेरला दिवस मावळायच्या आत पोचलो. सारं गाव खरंच वाट पाहत होतं. मागचं दार उघडलं, भाचीने पायदानावर पाय ठेवला आणि ती उतरली. माझ्या निकालातला तेवढा भाग तरी शब्दशः खरा ठरला. माप ओलांडून ती आत गेली. जिनिंगच्या माणसांनी फाटलेल्या पाइपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधायला घेतली.

भाऊजी फाटकाबाहेर गाडीपाशीच उभे राहिले. त्यांच्या घरचा नेम आहे: मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी जेवायचं नाही, पाणीही घ्यायचं नाही. सरबत आलं, त्यांनी हात जोडले. थंड पाणी आलं, हात जोडले. सदरा अंगाला चिकटला होता, ओठ वाळून पांढरे पडले होते.

"इवाई, तहानेनं मराल ना गा," इवाई म्हणाले.

"नेम आहे."

"अजी, नेम काय करता! इथं कोण पाहून राहिलं?"

सारं सावनेर पाहत होतं.

पाइप बांधून झाला. रेडिएटर भरायला पाणी हवं होतं. कोणीतरी बादली आणायला धावलं, तेवढ्यात भाची घरातून कळशी घेऊन बाहेर आली. नवी सून अशी बाहेर येत नाही. आतून दोन-तीन बायका "अवं, अवं" करत दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. भाऊजींनी रेडिएटरचं झाकण काढलं. तिने कळशी वाकवली. पाणी गटागटा आत जात राहिलं, आत खोल कुठेतरी वाजत राहिलं. दोघांमधलं अंतर वीतभर असेल. कळशी रिकामी झाली.

"आणखी आणू?" तिने विचारलं.

"आण," भाऊजी म्हणाले.

तिने आणखी एक आणली. रेडिएटर तेवढं मागत होता की नाही हे मी सांगू शकत नाही. दुसऱ्या कळशीतलं बरंच पाणी भाऊजींच्या हातांवरून वाहून गेलं. मग त्यांनी झाकण लावलं, हँडल मारलं आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

परतताना मी भाऊजींच्या शेजारी बसलो. गावाबाहेर पडलो, शेवटचं घर मागे गेलं, आणि झाडाखाली एक पाणपोई दिसली. लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, शेजारी ओगराळं घेऊन बसलेली म्हातारी. भाऊजींनी ब्रेक दाबला. उतरले, ओंजळ पुढे केली, आणि मग मान वर करून पाटी वाचली. पाणपोई इवायांच्या जिनिंगने लावलेली होती.

त्यांनी ओंजळ मिटली आणि येऊन गाडीत बसले. मी तोवर दोन ग्लास प्यालो होतो. मी मामा, मला कोणाचंच पाणी वर्ज्य नाही.

"पुढे अजून एक असते," भाऊजी म्हणाले आणि गियर टाकला. "ती ग्रामपंचायतीची आहे."